खंडेनवमी

चर्चची पायपेटी उद्यमनगरात आली
उसाच्या रिकाम्या ट्रॉलीतून, गोणपाटात गुंडाळलेली.
शांतवन मास्तर बाजूनं चालत,
आजारी म्हातारीला दवाखान्यात न्यावं तसा
एक हात तिच्या अंगावर.

दादांनी जन्मभर पंपांचे शाफ्ट कातले,
ऑइल इंजिनांना बुश बसवले,
असलं काही कधी उघडलं नव्हतं.
भाता फाटलेला. पितळी पात्यांवर हिरवी बुरशी.
एका कप्प्यात उंदराचं घरटं,
त्यात गीतांच्या वहीचं कुरतडलेलं पान.

"ऑर्गन म्हंजी नेमकं काय ओ मास्तर?"
दातातली बॅटरी काढून दादांनी विचारलं.
मास्तर शाळेत आम्हाला विभक्ती शिकवायचे,
त्याच आवाजात म्हणाले:
लॅटिन शब्द आहे. ओर्गानुम.
मुळात नुसतं हत्यार, ज्यानं काम होतं ते.
मग वाद्यालाही तेच नाव पडलं,
पुढं काळजाला, यकृताला.

"म्हंजी ह्यो पान्ना, ही पेटी
आन् माझी फुप्फुसं, समदी एकाच नावाची?"
"एकाच."
"गरीब भाषा दिसतीया," दादा म्हणाले,
"शब्द पुरलं न्हाईत."
दोघं हसले.
दादांचं हसू खोकल्यात गेलं
आणि बराच वेळ परत आलं नाही.
शिरोलीच्या फौंड्रीत बारा वर्षं काढलेली.

नवमीला पाटावर मायक्रोमीटर, व्हर्नियर,
घासून बोटभर उरलेली कानस,
शेजारी अर्धा शिवलेला भाता. झेंडू.
"तुझं हत्यार कुठाय?"
मी सीपीआरच्या थिएटरात नवी होते.
पोट शिवायच्या आधी चिमटे मोजायचे,
दोनदा, मोठ्यानं.
म्हटलं, ते सरकारी, घरी आणता येत नाही.
"मग हात ठिव हितं."
त्यांनी माझ्या दोन्ही तळव्यांना हळदकुंकू लावलं.
चिमूटभर उरलं ते
कुणी बघत नाही असं समजून
स्वतःच्या बंडीवर, बरगडीपाशी पुसलं.

पेटी अजून वाजते.
एक काळी पट्टी तेवढी घरघरते,
मास्तर तिला हात लावू देत नाहीत.

लोक विचारतात, दादा कशानं गेले?
धुळीनं, मी सांगते.
तृतीया, करण.
मास्तर मान हलवतात. उत्तर बरोबर आहे.