दहा दिवसांची राजधानी

गडहिंग्लजच्या शाळेत सत्तावीस वर्षं
मी राजधान्या पाठ करून घेतल्या.
भरमू हुंदरेनं एकदा सहामाहीत लिहिलं:
बंगळूर. आणि डिसेंबरात बेळगाव.
अर्धा गुण कापला.
नकाशावर एका राज्याला एकच चौकोनी ठिपका,
दुसरा काढायला कुणी शिकवलं नव्हतं मला.

आता निवृत्त. मार्च महिना, एक पिशवी, उन्हाची छत्री.
स्टँडवर लाल बसचा पाट्यांसकट गराडा
आणि मला, भूगोलाच्या बाईंना,
एकही गाव वाचता येत नाही.
बघत राहिले. कानडी अक्षरांच्या डोक्यावर
बरोबरची खूण असते हो,
आम्ही लाल पेनानं करायचो तशीच.
तपासून झालेले पेपर गावोगाव निघालेले.
‘कुठं जाऊलालासा बाई?’ कंडक्टरीण म्हणाली.
म्हटलं, राजधानीला.
‘कुठल्या?’
ती हसत नव्हती.

मग तिन्ही बघितल्या.

हलशीला खानापुरावरून गेले, नंदगडला बस बदलून.
पळसाच्या नावाची जुनी राजधानी,
आणि रस्ताभर पळस पेटलेला, एकही पान नाही.
देवळाचा काळा दगड दुपारीही गार.
पायरीवर एक बाई चिंचा फोडत होती.
‘राजा कुठं राहायचा?’
तिनं चिंचोका थुंकला, हातानं सगळंच दाखवलं,
त्यात तिची म्हैस पण आली.

कित्तूरच्या पडक्या महालात भिंतीला एक भोक आहे.
त्यातून ध्रुवतारा दिसतो, राखणदाराचा पोरगा म्हणाला,
म्हणजे तसंच काहीतरी म्हणाला, कानडीत,
बोट वर करून.
सकाळचे अकरा. डोळा लावला.
वाटीएवढं आभाळ, त्यात साळुंकीची शेपटी.
उत्तर दिशा, मी आपोआप म्हटलं.
मुलगा म्हणाला, ‘उत्तर’.
हा शब्द दोघांचा निघाला.

वडगावात माग चालू होते, गल्लीच थरथरत होती.
मागवाला बायकोशी कानडी बोलला,
माझ्याशी मराठी,
धागा तुटला तेव्हा मागाशी जे बोलला
ते दोन्हीकडं चालतं.
रात्री लॉजवर कुंदा खाल्ला, डबीतूनच, चमच्याशिवाय.
साखर मला बंद आहे.

शेवटी ती तिसरी. हायवेकडेचा माळ,
वर पांढरी इमारत, केवढी तरी,
आणि फाटकात एक बसलिंगप्पा, खुर्चीवर.
‘आत्ता काय न्हाई. थंडीत या.
दहा दिस मंत्री, मोर्चं, पोलीस, भज्याच्या गाड्या,
मग मी आन् कबुतरं.’
किती खोल्या आहेत, विचारलं.
त्यानं मोजल्या नव्हत्या.
चाव्या मोजल्या होत्या.
खाली ज्वारीची कणसं खुडून झालेली,
एक बाई कडब्याच्या पेंढ्या बांधत होती
इमारतीकडं पाठ करून,
ऊन त्या बाजूनं येत होतं म्हणून.

उतरून हलग्यात चौकशी केली:
भरमू हुंदरे कुठं राहतात?
‘कुठला? तिघं हायत.’
एक गोव्याला. एक वारला.
तिसऱ्याच्या ओसरीवर गेले. पन्नाशीचा, हाताला ग्रीस,
गडहिंग्लज त्यानं बघितलेलंच नव्हतं.
परत फिरणार होते, पण चहा ठेवला गेला होता
आणि चहा ठेवल्यावर उठून जाणं
या भागात भांडणात धरतात.

म्हणून बसले. राजधानीचं सांगितलं त्याला सगळं.
सांगून झालं, तरी तो ऐकतच होता.
शेवटी म्हटलं, तुमचा माझ्याकडं
अर्धा गुण बाकी आहे.
त्यानं हात फडक्याला पुसले.
‘मग द्या की,’ म्हणाला,
आणि साखर किती घालू, विचारलं.