तिसरा बीजाणू

डाळ मिल रात्री अकराला थांबते.
त्याआधी काही मोजता येत नाही,
थरथर जमिनीतून टेबलाच्या पायांत चढते.
म्हणून चारही पायांखाली ट्रकच्या ट्यूब,
ट्यूबांत वाळू,
आणि वर, कॉलेजच्या अख्ख्या इमारतीहून महाग,
हा लेसर.

उकंडराव बरणी आणतात.
चिठ्ठीवर ठमके सरांचं अक्षर, शाई तपकिरी पडलेली:
खैरी, नाल्याकाठ, एक वीत खोल, मे १९९१.
"मीच खोदली व्हती, मॅडम.
सर छत्री धरून उभे. म्हने, अजून खाली जाय."
खैरी आता धरणाच्या पाण्यात आहे.
ते हे सांगत नाहीत,
मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे.

चिमूटभर माती पाण्यात कालवून
ऐंशी अंशांवर दहा मिनिटं ठेवली.
ज्यांना जगायची घाई होती ते मेले.
निजलेले उरले.

किरण बारीक करत नेला की त्याच्या टोकाशी
एक बीजाणू अडकतो,
नाल्याच्या भोवऱ्यात पळसाचं फूल अडकावं तसा.
हात न लावता धरलेला.
त्याच्यावर पडलेला बहुतेक उजेड आहे तसाच परततो;
कोट्यवधींतला एखादा कण रंग बदलून येतो,
आत कशाला धडकला ते सांगत.
पडद्यावर रेघ उमटते. माळरान, माळरान,
आणि एक हजार सतरावर एकदम सुळका:
कॅल्शियमला बांधलेलं आम्ल.
पाणी बाहेर काढून, त्याच्या जागी हे भरून
तो चौतीस वर्षं पडून आहे.

"याच्यात खैरी कोठी दिसते?"
नाही दिसत, उकंडराव.
हा सुळका कुठल्याही गवताच्या गंजीत
असाच निघेल, इथेच निघेल.
ते मान हलवतात. तरी पडद्याच्या जरा जवळ सरकतात.

पूर्वी मी लाखोंची मोजणी एकदम केली होती.
जागं व्हायला लागणारा वेळ: सरासरी अकरा मिनिटं.
अकराव्या मिनिटाला उठणारा
मला अजून एकही भेटलेला नाही.

ॲलनिनचा थेंब सोडला.
पहिला सातव्या मिनिटाला:
सुळका ढासळला, दोन मिनिटांत सपाट,
सगळं साठवलेलं त्याने पाण्यात ओतून दिलं.
दुसऱ्याने अडतीस मिनिटं घेतली.
दोघांची माती एक, बरणी एक, थेंब एक.
का, ते मी वहीत लिहिलेलं नाही. जागा सोडली आहे.

तिसरा उठेना.
एक वाजला. दोन. इन्व्हर्टर एकदा कुरकुरला.
"हा निजला हाय का मेला हाय?"
सुळका शाबूत आहे. एवढंच सांगता येतं.

तेव्हा ते बोलले, पडद्याकडे बघतच.
आधीची दोन लेकरं मायच्या हातून गेली.
तिसरा झाला तसा त्याला उकिरड्यावर लोळवला,
नाव पण तेच ठेवलं,
की मरणाला वाटावं, हे काय उचलायचं.
"तवा वाचलो म्हंतात."
मी काही म्हटलं नाही.
बीजाणूच्या कवचाला किती थर असतात
हे मी दरवर्षी फळ्यावर काढते.

सहाला डाळ मिल सुरू झाली.
रेघ थरथरली, मग पडद्यावर नुसतंच पाणी.
तिसरा किरणातून निसटला होता,
त्याच थेंबात कुठेतरी.

काचपट्ट्या कुकरमध्ये रचल्या.
अनोळखी माती, नियम आहे:
एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं.
"तिसऱ्यालेबी?"
हो.
"अजून वाट पाहू ना, मॅडम."

मी नियम पुन्हा सांगितला.
त्यांनी झाकणाचं रबर ओलं करून बसवलं,
शेगडी स्वतः पेटवली,
आणि पहिली वाफ निघेपर्यंत
बरणी दोन्ही हातांत धरून उभे राहिले,
चिठ्ठीची बाजू आपल्याकडे.