पाव सेकंद

वडगावच्या मल्लव्वाला लूमच्या मोटरीचा शॉक बसलाय एकदा,
म्हणून दहा वायरी बघून ती खाटेवर उठूनच बसली.
"यातनं करंट सोडतीस काय गं?"
नाही ओ मावशी, मशीन नुसतं ऐकतंय.
करंट तुमचाच.
"माझा? मग बिल कोण भरतंय?"

तिला सांगितलं थोडं, उरलेलं घरी जाताना स्वतःला:
पेशीच्या आत-बाहेर नव्वद मिलिव्होल्टचा फरक,
घड्याळातल्या सेलचा सोळावा हिस्सा, तोही नाही.
शेजारची पेशी हलली की दार उघडतं,
सोडियम आत घुसतं
शनिवार खुटावर सिग्नल सुटल्यासारखं.
सेकंदाचा हजारावा भाग, की दार बंद.
मग कॅल्शियम, सावकाश,
उशिरा येऊन जेवूनच उठणारा पाहुणा.
तो आत बसला की पेशी आवळते.
पोटॅशियम बाहेर पडतं, सगळं निवतं,
आणि पंप उपसत राहतो,
तीन बाहेर, दोन आत,
तीन बाहेर, दोन आत.
लूमला सोमवारी तरी सुट्टी असते.

यातच एक पाव सेकंद असा
की कितीही हाका मारा, पेशी ओ देत नाही.
आमचे सर त्याला विश्रांती म्हणू द्यायचे नाहीत.
हट्ट म्हणा, म्हणायचे.
त्या हट्टापायी हृदयाला पेटका येत नाही,
रक्ताला आत यायला सवड मिळते.

मल्लव्वाच्या कागदावर एक ठोका
पाळी नसताना मधेच घुसलेला,
त्याच्यामागं लांब मोकळी जागा.
तिनं तिथंच बोट ठेवलं.
"धागा तुटलाय काय?"
जन्मभर कांड्या भरलेलं बोट, नेमकं ठिकाण सापडलं त्याला.
तुटला नाही. थांबून परत लागलाय.

घाबरू नका, मी दोनदा म्हटलं होतं.
आकडा शहाण्णववरून हलला नव्हता.
दाराशी उभी सून एकदाच म्हणाली,
"हेदरब्याड्री अत्ती,"
आणि ब्याऐंशी.
अकरा वर्षं वायरी लावतेय मी,
हे कुठल्या दारानं आत जातं
ते अजून कळलेलं नाही.

तेवढ्यात गल्लीतले सगळे लूम एकदम गप्प.
पंखा दोन फेरे घेऊन थांबला.
मशीन बॅटरीवर गेलं, कागद सरकत राहिला.
मल्लव्वा छताकडं बघत म्हणाली,
"लाइट गेली.
माझी हाय काय बग."