केस नंबर आठ

गिरणाऱ्याच्या पुढे, द्राक्षमळ्यात, गाण्याचा कार्यक्रम.
आमची गाडी जनरेटरच्या मागे लावायला सांगितली,
फोटोत येऊ नये म्हणून.
सायरन वाजवायचा नाही, पारितोष सर म्हणाले,
लोक मजा करायला आलेत, घाबरायला नाही.
निसारभाईंनी बटणावर चिकटपट्टी लावली,
दोन वेढे, नीट दाबून,
जशी मी सलाइनची सुई बसवते.

टी-शर्टचं माप एकच, एक्सएल.
पाठीवर 'मेडिकल', छातीवर कंपनी.
आत स्वेटर घातला तरी बाही हातमोज्यावर लोंबते.
संध्याकाळी सात ते सकाळी सात, नऊशे रुपये,
तेही पंचेचाळीस दिवसांनी.
जेवणाचं कूपन क्रूला होतं. आम्ही क्रू की व्हेंडर
यावर नऊ वाजेपर्यंत फोन चालले.
मग आम्ही आपले डबे उघडले,
भाकरी थंडीने पापडासारखी मोडली.

बाथरूमला जायचं तर हिरवा बँड लागतो.
माझ्या मनगटावर घड्याळ आहे.
म्हणून मी पाणी पीत नाही,
आणि स्टेजवरून कुणीतरी गोड आवाजात सांगतंय,
मंडळी, पाणी पीत राहा.

जानेवारी. निफाडचा पारा किती उतरला
ते निसारभाई मोबाइलवर वाचतात आणि मला सांगत नाहीत.
पलीकडच्या बागेत शेकोट्या पेटल्यात,
घड कडकू नयेत म्हणून.
आमच्याकडे ब्लँकेट एकच, तांबडं,
घडीवर चिठ्ठी: फक्त पेशंटसाठी.
वापरलं तर केस नंबर दाखवा,
नाहीतर धुलाईचे ऐंशी कापू.

अकरापर्यंत पाच जण. घोटा, घोटा, काच, उलटी,
आणि एक मुलगी जिला फक्त बसायचं होतं.
एक वाजता एक काका आले, छातीवर हात.
ईसीजीचं मशीन यादीत आहे, गाडीत नाही.
ऑक्सिजनचा काटा अर्ध्याच्या खाली,
मी दर तासाला बघत होते, बघून भरेल म्हणून.
नाडी धरली, बीपी घेतलं, गोळी हातात काढून ठेवली,
नातवंडांची नावं विचारत राहिले.
तिसऱ्या नावावर त्यांना मोठा ढेकर आला.
ते हसले.
मला हसायला बराच वेळ लागला.

सातवा, लाइटवाल्यांचा पोरगा, सटाण्याचा,
तापलेला दिवा उघड्या हाताने धरलेला.
वॉकीटॉकीवर आवाज आला: तो आपल्यात नाही धरायचा,
तो सबकॉन्ट्रॅक्ट.
मी हात पाण्याखाली धरला, मलम लावलं,
रजिस्टरमध्ये सात लिहिलं, जरा दाबूनच.

चार वाजता स्टेज उतरायला लागलं
आणि माझे दात वाजायला.
ताई, आडव्या व्हा, निसारभाई म्हणाले.
स्ट्रेचर पेशंटचं आहे, मी म्हणाले.
त्यांनी पेन काढलं.
हेमलता गांगुर्डे, स्त्री, वय एकतीस. तक्रार काय?
थंडी.
थंडीला कोण तक्रार म्हणतंय, लक्षणं सांगा.
मग मी जसं कुणाचंही सांगते तसं सांगितलं:
हात गार, थरथर, नऊ तास लघवी नाही.
वर न बघता त्यांनी सगळं लिहिलं.
उपचार: ब्लँकेट.
त्याला डेटॉलचा वास होता आणि ते जड होतं,
आणि मी खरोखर आजारी असल्यासारखी झोपले.

सकाळी सरांनी पान उलटलं. ही आठवी कोण?
आपलीच.
स्टाफ धरत नाही, म्हणाले, रेघ मारली,
आणि समासात आठशे वीस लिहिलं.

गंगापूर रोडला लागल्यावर, सोमेश्वरच्या जवळ,
निसारभाईंनी नखाने पट्टी सोलली
आणि एकदाच, अर्धा सेकंद, वाजवला.
पुढचा दूधवाला किटल्या सांभाळत कडेला झाला,
आत कोण आहे ते न विचारता.