खाल्लेलं मीठ

डुलुथच्या उतारावर, लेहटिनेनच्या अंगणात
सात जणांची गाडी धुऊनपुसून उभी.
बॉनेटवर तळहात ठेवला, तर कोमट.
"इंजिन थंड ठेवा, म्हणाले होते फोनवर."
म्हातारा स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.

मग थांबलो. पाऊण तास.
त्याच्या बायकोने कॉफी आणली.
पोरं मागच्या रांगेत चढून
खिडकीसाठी भांडू लागली, जणू पैसे देऊन झाले.

थोरल्या कोंगने मीटर वाचला: नव्वद हजार मैल.
ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र
झिजून गुळगुळीत, जुन्या नाण्यासारखं.
डिपस्टिक काढून वास घेतला.
गिअरचं तेल करपलेलं नाही. बरं.

पुठ्ठा अंथरला, टॉर्च दातांत धरला,
आणि पाठीवर सरकत गेले गाडीखाली.

अकरा हिवाळे इथल्या रस्त्यांनी
बर्फासोबत हिला मीठ चारलंय.
खाल्ल्या मिठाला माणसं जागतात म्हणे;
लोखंड नाही जागत.
स्क्रू-ड्रायव्हरने चेसिस टोचत गेले,
टक्. टक्. टक्.
मागच्या चाकापाशी
भस्.
अख्खं टोक आत.

खालून दिसत होते म्हाताऱ्याचे बूट,
शेजारी तिच्या लोकरी सपाता.
सपाता जरा सरकल्या बुटांकडे.
"सांग ना तिला."
तो वाकला. गुडघा कडकन वाजला.
"तिथे रंग मारलाय मी," म्हणाला, "मार्चमध्ये."

वर धाकटी माइ सी उड्या मारत होती
आपल्या नव्या जागेवर.
प्रत्येक उडीला चिमूटभर गंज
माझ्या पापण्यांवर.
डोळे मिटून मी
आकडा खाली आणत होते.