न्यूट्रल

भोसरीत, शेडच्या पत्र्यावर
सहाशे पॅनेल उन्हात पडून असतात,
आणि खाली, जाळीच्या पिंजऱ्यात,
ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो.
नेहमीच्या सुरात नाही.

तापकीर न्यूट्रलच्या केबलपर्यंत हात नेतात,
लावत नाहीत. "भाकरी भाजेल," म्हणतात.
तिन्ही फेज सारखे, म्हणजे इथे शून्य हवं.
मीटर म्हणतो एकेचाळीस अँपिअर,
आणि वारंवारता दीडशे.

इन्व्हर्टरनं कातरलेल्या उन्हाचा हा चुरा.
तिसरा हार्मोनिक.
तिन्ही वाटांनी एकाच पावलानं येतो,
म्हणून एकमेकांत विरत नाही, साठत जातो.
दोन्हीकडे स्टार, दोन्ही न्यूट्रल जमिनीत,
मग थेट महावितरणच्या तारेवर.

"एका बाजूला डेल्टा हवा होता.
टोकाला टोक. याला बाहेरचं दार नाही.
तिथल्या तिथे फिरेल, दमेल."

आणि पाचवा? सातवा?
"ते जाणारच. त्यांच्यासाठी शेजारी दुसरा ठेव,
तीस अंश तिरका."

बत्तीस वर्षं वाइंडिंग केलेली बोटं
खडूनं फरशीवर त्रिकोण काढतात.
घरातलं घरात. रीत बरी आहे, मी म्हणाले.
ते माझ्याकडे बघत राहिले.
"फिरतं ते तांब्यातच ना, पोरी.
तांबं तापतं. ते कोण मोजतं?"

साडेपाचला पत्र्यावरचं ऊन उतरलं,
गुरगुर बसली.
जाताना पाहिलं,
माझ्या बुटानं त्रिकोणाचा एक कोपरा
पुसला होता.