जुनी शुक्रवारी, सकाळचा नमुना

नळ आधी तीन मिनिटं वाहू द्यायचा,
मग काचनळी भरायची, दोन थेंब औषध,
आणि रंगाची वाट बघायची.
पिवळा आला की पाणी पास.
अकरा वर्षं झाली, महानगरपालिकेची पिशवी घेऊन
मी घरोघरचा पिवळा मोजत फिरते.

जुन्या शुक्रवारीत ओट्यावर
डोमाजी हेडाऊ बसलेले असतात.
जन्म सुताला रंग देण्यात गेला,
पेरांच्या घड्यांत अजून निळं आहे.
ते घोट जिभेवर धरतात, लगेच गिळत नाहीत.
"आज कन्हानचं आहे, बाई.
पेंचचं असं बोथट नसते."
मी हसते.
माझ्या नोंदवहीत जिभेचा रकाना नाही.

एका नदीचं नाव लावतो आम्ही
आणि पितो दुसऱ्या.
वाघांच्या रानाकडून येतं पाणी,
कालव्यातून, तुरटीतून, वाळूतून.
जिचं नाव लावलं तिच्या पुलावर
नाकाला ओढणी,
स्कूटीचा कान जरा जास्तच पिळलेला.

परवा डोमाजींनी घोट थुंकला.
"नाग आली."
मी दोन थेंब टाकले. मग चार.
पाणी इतकं नितळ
की कोणीही देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं असतं.
पिवळा आला नाही.

तिसऱ्या दिवशी खोदलं.
नाल्याच्या भिंतीला लागून बिडाचा पाइप,
सांध्यातलं शिसं झिजलेलं,
करंगळी जाईल एवढी फट.
"नळ गेले का थे आत शिरते,"
रामटेके फिटर खड्ड्यातून म्हणाला,
गुडघ्यापर्यंत काळा.
गल्लीतली पोट्टी वाकून बघत होती.
डोमाजीही आले, काठी टेकत.
"माही माय इथंच सूत धुवे.
तवा आपण जाचो तिच्याकडे.
आता थे आली, त लीकेज म्हन्तो."
रामटेकेनं पाना मागितला.
कोणीतरी दिला.

शनिवारी पिवळा आला,
हळदीच्या बोटाएवढा, नियमात बसणारा.
डोमाजींनी पेला तोंडाशी नेला,
जिभेवर धरलं, बराच वेळ.
या वेळी कुठल्याच नदीचं नाव घेतलं नाही.
"औषध लागते," एवढंच म्हणाले.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, योग्य.
तारीख टाकली, सही केली.
निघताना पाहिलं,
पेला ओट्यावर
एका घोटानं कमी, तसाच.